झ पार्ल, त्यू पार्ल: 43व्या वर्षी फ्रेंच क्रियापद चालवताना

ऑफिसातल्या दोघींनी विचारलं, फ्रेंचची परीक्षा कशी दिलीस, म्हणून लिहितीये, नाहीतर डेल्फ ए-वन ही काही सांगत सुटावं अशी परीक्षा नाही, फ्रेंचची सगळ्यात खालची पायरी आहे ती. पण त्या पायरीवरच माझी गाडी दीड महिना अडकली होती आणि तीही कुठे, तर साधं सरळ नियमित क्रियापद वर्तमानकाळात चालवण्यापाशी. गूगलवर शोधलं की तक्ते ढिगाने मिळतात. तक्ता पाठ असून पण तोंडातून काही बाहेर का येत नाही हे मात्र कुणी सांगत नाही.

सुरुवात माझ्यामुळे नाहीच झाली. जून 2024 ला मुलगा आठवीत गेला आणि शाळेतून कागद आला, संस्कृत की फ्रेंच. सासूबाई म्हणाल्या संस्कृत, मी म्हटलं संस्कृत, कारण मला दहावीला संस्कृतने तारलं होतं. चिरंजीवांनी फ्रेंचवर टिक करून कागद परस्पर वर्गात देऊन पण टाकला. सहामाहीला 40 पैकी 13. दिवाळीत वही उघडून बसले तर एका पानावर पार्ले हे क्रियापद, म्हणजे बोलणे, सहा ओळींत लिहिलेलं, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा क्रमाने, आणि जवळपास प्रत्येक ओळीचं शेपूट वेगळं. म्हटलं वाच. त्याने वाचलं, झ पार्ल, त्यू पार्ल, ईल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, ईल पार्ल.

"अरे, चार वेळा तेच म्हणतोयस."

"तसंच असतं आई."

"मग लिहिताना वेगळं का लिहिलंय?"

"तेच तर मला कळत नाहीये ना."

ट्यूशनवाल्या बाईंची फी ऐकली आणि वाटलं, एवढ्यात मी स्वतःच शिकले तर निदान दोघांचं होईल. (हा हिशोब पुढे साफ चुकला, सांगते.) 5 जानेवारी 2025, रविवार, सकाळी 9 ते 12 अशी बॅच मिळाली. फी साडेअठरा हजार, दोन हप्त्यांत, पुस्तकाचे वेगळे. धायरीहून स्कूटीवर रविवारी सकाळी 25 मिनिटं, एरवी विचारू नका. वर्गात 14 जण, त्यातले 11 जण विशीतले, जर्मनीचा नाद सोडून फ्रान्सला मास्टर्स करायला निघालेले, एक निवृत्त काका, एक डेंटिस्ट आणि मी.

पहिले तीन रविवार मजेत गेले. नमस्कार, नाव, आकडे. आकड्यांवर मी वेगळं काही लिहिणार नाही, 99 ला ते लोक चार-वीस-एकोणीस म्हणतात एवढं ऐकून ज्याने त्याने ठरवावं.

चौथ्या रविवारी मॅडमनी क्रियापद काढलं. फ्रेंच क्रियापदांचे तीन गट मानतात आणि मूळ रूपाच्या शेवटी ई-आर असलेला पहिला गट सगळ्यात मोठा, जवळपास 90 टक्के क्रियापदं त्यातच बसतात. नवीन कुठलाही शब्द आला की त्याला पण ई-आरच लावतात, गूगल करणे म्हणजे गूगले, लाईक करणे म्हणजे लाइके. आपण अशा वेळी करणे जोडून मोकळे होतो, ते शेपूट जोडतात. रीत अशी की ई-आर काढून टाकायचं, उरेल तो धातू, त्याला सहा जणांची शेपटं: मी ला ई, तू ला ई-एस, तो किंवा ती ला ई, आम्ही ला ओ-एन-एस, तुम्ही ला ई-झेड, ते किंवा त्या ला ई-एन-टी. मॅडम म्हणाल्या, पार्ले विसरणार नाही तुम्ही, बिस्किट आठवा. मागून एक पोरगा म्हणाला, आणि विलेपार्ले? व्हील म्हणजे फ्रेंचमध्ये शहर, त्यामुळे पुढची पाच मिनिटं वर्ग विलेपार्ल्यातच होता.

शेपटं मी त्याच रात्री पाठ केली. इथेच मी स्वतःला फसवलं. कारण पुढच्या रविवारी मॅडमनी अचानक विचारलं, तुम्ही कुठे राहता, आणि मी झ... झ... करत मनात तक्ता वरून खाली वाचत बसले आणि उत्तर दिलं "झ स्वी आबीत". मॅडम हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. झ स्वी म्हणजे मी आहे, आबीत म्हणजे राहते, मी आहे राहते असं काहीतरी झालं ते. पहिली चाचणी 16 फेब्रुवारीला, 30 पैकी 11. घरी मुलाला आकडा सांगितला नाही. त्याने पर्समधून पेपर काढून बघितला.

तो पेपर घेऊन मी दोन संध्याकाळी बसले आणि प्रत्येक चुकीपुढे ती कुठून आली ते लिहिलं, हे मी ऑफिसात लेजर जुळत नसलं की करते तसं. जवळपास निम्म्या चुका इंग्रजीतून आलेल्या निघाल्या. आय ॲम स्पीकिंग डोक्यात, म्हणून झ स्वी पार्ल. डू यू लाइक मधला डू कुठे टाकू म्हणून अडले. आणि आपण मराठी माणसं हे का करतो कळत नाही, कारण आपल्याकडे क्रियापद चालवणं जन्मापासून आहे. बोलणे मधलं णे काढा, बोल उरतो, आता लावा शेपटं: बोलतो, बोलतोस, बोलतो, बोलतो, बोलता, बोलतात. रीत तीच की. उलट आपलं जास्त अवघड आहे, मी बोलतो आणि मी बोलते वेगळं, तो बोलतो ती बोलते वेगळं, फ्रेंचमध्ये क्रियापदाला वर्तमानकाळात बाई-पुरुष काही फरक पडत नाही. तू आणि तुम्ही पण आपल्यासारखंच, त्यू मैत्रिणीला आणि पोरांना, वू साहेबांना, अनोळखी माणसाला आणि अनेकांना. आणि झ पार्ल म्हणजे मी बोलते पण आणि मी बोलतीये पण, दोन्हीला एकच, त्यामुळे ॲम-इज-आर शोधत बसायचं कामच नाही. त्या दिवसापासून मी वाक्य आधी मराठीत म्हणायला लागले आणि झ स्वी पार्ल बंद झालं. अगदी बंद नाही, दमले की अजून येतं.

उरलेल्या चुका ऐकण्या-लिहिण्याच्या. आपल्याला सवय अशी की जे लिहिलंय ते वाचायचं. ई-एन-टी दिसलं की मी पार्लेंट म्हणायचे, आणि कानाने पार्ल ऐकलं की लिहिताना कुठलंही शेपूट चिकटवायचे. यावर उजेड पाडला सासूबाईंनी. त्या गवार मोडत बसल्या होत्या, मी समोर मोठ्याने घोकत होते, आणि त्या मधेच म्हणाल्या, "त्या शेवटच्या ते ला काय लावतात म्हणालीस?"

"ई-एन-टी. पण म्हणायचं नाही."

"एन आणि टी ना? मग तो न्तिच आहे की. वदति, वदतः, वदन्ति." आणि गवारीची शीर ओढत पूर्ण रूपावली म्हणून दाखवली, वदामि वदावः वदामः सकट, वय 74.

दुसऱ्या रविवारी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या खरंच आहे, फ्रेंच आली लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ते प्रेम करतात ला आमांत म्हणायचे, आणि लॅटिन नि संस्कृत लांबच्या बहिणी, त्यामुळे तो न्त एकाच घरातला. पूर्वी ही शेपटं उच्चारली पण जायची, हळूहळू शेवटचे आवाज गळून पडले, लिहिण्यात तेवढे राहिले. आणि म्हणूनच फ्रेंचमध्ये मी-तू-तो गाळता येत नाही. आपण नुसतं "येतोस का?" म्हणतो, तोस वरून कळतं कुणाला विचारलं. त्यांच्याकडे शेपूट मुकं झालंय, मग झ, त्यू, ईल म्हटल्याशिवाय समोरच्याला कळणार कसं. हे कळलं आणि मला त्या मुक्या ई-एन-टी चा राग येईनासा झाला.

मग मी वही दोन भागांत केली. 200 पानी, 60 रुपयांची, डाव्या पानावर तोंडासाठी आणि उजव्या पानावर हातासाठी. तोंडाला फक्त तीन आवाज लागतात: पार्ल (मी, तू, तो, ते सगळ्यांना), पार्लों, पार्ले. हाताला पाच स्पेलिंग लागतात. सहाचा तक्ता सहा वेळा घोकण्यापेक्षा हे मला तरी सोपं गेलं. त्यातही बोलताना आम्ही साठी लोक नू पेक्षा ऑं जास्त वापरतात, आणि ऑं म्हणजे अगदी आपलं आपण: आपण जाऊ, आपण खातो, किंवा "आपण असं म्हणत नाही" मधलं कुणीही-आपण. ऑं ला क्रियापद तो-ती चंच लागतं, ऑं पार्ल. म्हणजे घरगुती गप्पांत दोनच आवाज उरले. एवढ्यासाठी मी तीन आठवडे रडत होते.

एक जागा मात्र कानाने नीट पकडावी लागते. क्रियापद स्वराने सुरू झालं की आधीच्या शब्दाशी त्याची गाठ पडते. आबिते, म्हणजे राहणे, लिहिताना सुरुवातीला एच असतो पण तो मुका. तो राहतो म्हणजे ईलाबीत. ते राहतात म्हणजे ईल-झाबीत, कारण ते च्या ईल ला एस असतो, एरवी मुका, पण पुढे स्वर आला की तो झाडातल्या झ सारखा वाजतो. एवढ्या एका झ वर एक की अनेक ते ठरतं. आम्ही राहतो नूझाबितों, तुम्ही राहता वूझाबिते. आणि मी राहते हे झाबीत, पण तो झ वेगळा, झ मधला अ उडून पुढच्याला चिकटतो, आणि उच्चार प्लेझरमधल्यासारखा. मी हे स्कूटीवर हेल्मेटच्या आत म्हणत जायचे. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला दोनदा बघून गेला.

मराठी कानाला होणारे घोटाळे पण सांगून टाकते, कारण मला तेच लक्षात राहिले. शांते म्हणजे गाणे, त्यामुळे झ शांत म्हणजे मी गाते, शांत अजिबात नाही. आणि आले म्हणजे जाणे. हो, आले म्हणजे जाणे. तोच ई-आरवाल्यांमधला घरभेदी आहे, दिसतो नियमित पण चालतो भलताच, मी जाते म्हणजे झ व्हे, त्याला या तक्त्यात शोधू नका, वेगळा पाठ करा.

नियमितांमध्ये पण थोडी कुरकुर आहे. मांझे म्हणजे खाणे, आम्ही ला नू मांझों, पण लिहिताना जी च्या पुढचा ई काढायचा नाही, तो ठेवून मग ओ-एन-एस. कारण जी पुढे थेट ओ आला की त्याचा ग होतो, मग ते मांगों होईल. मुलगा म्हणाला, आई, आम्ही मँगो. सुरू करणे म्हणजे कोमांसे, त्यात नू ला सी च्या खाली छोटी शेपटी द्यायची, नाहीतर स चा क होतो. आणि विकत घेणे, आशते, यात मी-तू-तो-ते ला आधीच्या ई वर उलटी रेघ येते, झाशेत. हे तिन्ही नियम आवाज सांभाळायला आहेत, उगाच छळायला नाहीत, असं म्हटलं की लक्षात राहतात.

मार्चमध्ये फासा आला. तक्ता वरून खाली येतो, मधूनच विचारलं की येत नाही, हा रोग आम्हा मायलेकांना दोघांना होता. सापशिडीच्या फाशाला सहा बाजू आणि क्रियापदाची माणसं सहा. 1 पडला मी, 2 तू, 3 तो, 4 आम्ही, 5 तुम्ही, 6 ते. एकाने क्रियापद म्हणायचं, दुसऱ्याने फासा टाकायचा आणि जे पडेल त्याचं अख्खं वाक्य, आधी बोलून मग लिहून. ऑं ला फाशावर जागा नव्हती, तर सासूबाईंनी निकाल दिला की फासा सोफ्याखाली गेला तर ऑं. रोज जेवणानंतर 15 मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, कारण मग भांडणं. पहिल्या आठवड्यात चार क्रियापदं, एप्रिलअखेर साठ झाली. नाही म्हणायचं असेल तर क्रियापदाच्या आधी न आणि नंतर पा, झ न पार्ल पा, ते पण फाशातच घातलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षेचा फॉर्म. परीक्षा आधी माझ्या डोक्यात नव्हती, मॅडम म्हणाल्या द्या, तारीख असली की अभ्यास होतो. इथे जरा नीट वाचा. फॉर्मवर प्रकार निवडायचा असतो, शाळकरी मुलांचा ज्युनिअर वेगळा आणि मोठ्यांचा तू प्युब्लिक वेगळा, लेव्हल एकच असली तरी. मी घाईत ज्युनिअरवर बोट नेलं होतं. फी केंद्रागणिक आणि बॅचचे की बाहेरचे यानुसार बदलते, मला सहा हजाराच्या आसपास पडली, परत मिळत नाही. नाव ओळखपत्रावर आहे तस्सं, आणि जन्मगाव पण, कारण ते डिप्लोम्यावर छापून येतं. माझं आडनाव नावाच्या रकान्यात आणि नाव आडनावाच्या रकान्यात छापून आलं, चूक केंद्राची की माझी यावर दोन फोन आणि एक चक्कर, शेवटी पासपोर्टची झेरॉक्स दिली आणि झालं. परीक्षेच्या पत्रावर जो उमेदवार क्रमांक येतो तो जपून ठेवा, पुढच्या लेव्हलला तोच द्यावा लागतो.

परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस धो धो, रेनकोट घालून पण साडीचा काठ भिजलेला. चार भाग, प्रत्येकी 25 मार्क. पास व्हायला एकूण 50, आणि कुठल्याही भागात 5 च्या खाली चालत नाही. ऐकणं साधारण 20 मिनिटं, ध्वनिफीत दोनदा वाजवतात, पहिल्यांदा मला फक्त स्टेशन एवढा शब्द कळला. वाचन अर्धा तास, ते ठीक. लेखन अर्धा तास, एक फॉर्म भरायचा आणि एक किमान 40 शब्दांचा मजकूर. मला सुट्टीवरून मैत्रिणीला पत्र आलं. म्हणजे बाकी काही नाही, वर्तमानकाळच: मी समुद्रकाठी सुट्टी घालवतीये, आम्ही किल्ला बघतो, आम्ही मासे खातो. आम्ही खातो लिहून पुढे गेले आणि शेवटच्या दोन मिनिटांत परत वाचताना दिसलं की जी पुढचा ई खाल्लाय. आम्ही मँगो. वर बारीक ई कोंबला. लिहून झालं की नुसती शेपटं तपासायला दोन-तीन मिनिटं राखून ठेवाच.

तोंडी परीक्षा दुपारी, माझी वेळ 2.10 ची होती ती 3.25 झाली, डबा बरोबर ठेवा. तयारीला 10 मिनिटं, आत पाच ते सात मिनिटं. आधी स्वतःबद्दलचे प्रश्न, कुठे राहता, काय काम करता. झाबीत आ पुणे, झ त्राव्हाय... हे तोंडात बसलेलं होतं, निघालं. मग चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच शब्द, त्यावरून आपण परीक्षकांना प्रश्न विचारायचा. ए-वनचा तोंडी भाग ई-झेड वर तरतो तो इथे, कारण समोरच्याला वू म्हणायचं: वूझेमे ल शोकोला? तुम्हाला चॉकलेट आवडतं का? वाक्य तेच ठेवून आवाज शेवटी वर न्यायचा, झाला प्रश्न. मला गाडी, चित्रपट, रविवार असे शब्द आले, रविवारला मी विचारलं तुम्ही रविवारी काम करता का, आणि बाई म्हणाल्या आज तरी करतीये, बघा. शेवटी दुकानात खरेदीचं नाटक, कागदी नोटांनी. तिथे एकदा घाबरून त्यू म्हटलं, लगेच सॉरी म्हणून वू केलं, त्यांनी मान हलवली.

निकाल जुलैअखेर मेलवर. पास. ऐकण्यात सगळ्यात कमी, ते अपेक्षितच होतं. आधी पास झाल्याचा कागद मिळतो, खरा डिप्लोमा कित्येक महिन्यांनी येतो, तोवर तोच कागद चालतो. डिप्लोम्याला मुदत नसते, आयुष्यभर चालतो.

आणि तो सुरुवातीचा हिशोब: क्लास, पुस्तकं, परीक्षा मिळून माझे सव्वीस हजारांच्या वर गेले, मुलाची ट्यूशन याच्या निम्म्यात झाली असती. त्याला वार्षिकला 80 पैकी 58 पडले, पार्ले आलंच होतं पेपरात, सहाच्या सहा बरोबर. तो आता आय-आर वाल्यांवर आलाय, फिनीर म्हणजे संपवणे, त्यात आम्ही-तुम्ही-ते ला मधे डबल एस घुसतो, फिनिसों, फिनिसे, फिनीस. काल रात्री फासा टाकला तर पाच पडला, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "पाच म्हणजे तुम्ही ना? सांग पटकन, मला सीरियल लावायचीये."